विमानातल्या देवाची दुपारची झोप

दीपिकाच्या डोळ्यांवर झापड पाहिलं आणि मला आमच्या पाम गावातल्या तेलघाण्याचा बैल आठवला. त्या बैलाला संध्याकाळी निदान पेंड मिळायची. माझ्या नातीला मात्र हे झापड लावून विमान चालवायचं होतं. बाहेरचं काहीही बघायचं नाही, समोरचे काटे आणि एक पडदा, एवढ्यावरच नजर ठेवायची. ढगात शिरल्यावर पायलटला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून हा सराव.

"आजी, याला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग म्हणतात," ती म्हणाली.

"बोईसरचे रिक्षावाले रोज करतात," मी म्हटलं. "त्यांना झापडही लागत नाही."

ती हसली नाही. त्या दिवसांत ती हसतच नव्हती. या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर शाळेच्या नियमाप्रमाणे सगळं शिक्षण पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि पहिल्यापासून करायला तिच्याकडे बळ उरलं नव्हतं. तिच्या बापाकडेही नव्हतं.

शाळा धर्मेशची. हा धर्मेश तिसरीत माझा विद्यार्थी होता. गणिताच्या पाटीवर तो आधी वर 'श्री' काढायचा, मग त्याखाली सुबक स्वस्तिक, आणि खाली गणिताला जागाच उरायची नाही. पुढे त्याने तारापूरच्या कारखान्यांना पिंपं पुरवली, मोठा झाला, आणि पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी जमीन सपाट करून विमानं उडवण्याची शाळा काढली. विमानं म्हणजे एकच, चार माणसं बसतील असं. पण फाटकावर पाटी 'विमानं' अशीच आहे.

पूर्वी विमानांना वाट सापडावी म्हणून पामच्या माळावर एक उंच लोखंडी खांब होता. तो रेडिओवर एकसारखा टिटिट् करायचा आणि पायलट त्याचा माग काढत यायचे. आम्हा बायकांच्या दृष्टीने त्याचा उपयोग वेगळा होता. त्याला आधार द्यायला बांधलेल्या तारांवर चादरी झकास वाळायच्या. मग साहेब लोक आले, म्हणाले आता सगळं सॅटेलाइटवर, आणि खांब बंद करून गेले. त्या खांबाचं ऐकणारी विमानातली तबकडी धर्मेशने भंगारात काढली. तिच्या जागी पत्र्याचं झाकण बसवलं आणि झाकणावर स्वस्तिक रंगवलं. सवय कुठे जाते?

म्हणजे ढगातून त्या धावपट्टीवर उतरायचं तर आता आभाळातल्या सॅटेलाइटशिवाय दुसरा सोबती नाही. ते दिसेनासं झालं की पायलट आंधळा. आणि पश्चिमेला थोडं वाहवलं तर तारापूरचं अणुशक्ती केंद्र. त्याच्या आसपास विमानाने फिरकायचंही नाही. फिरकलं तर परवाना गेला.

माझा बाप नवापूरचा तांडेल. त्याला सॅटेलाइट लागत नव्हतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून तो बोट घरी आणायचा. पुढे माडांची जोडी, मागे डोंगराचं टोक. हे मी शाळेत मुलांना फार अभिमानाने सांगत असे. धुकं पडलं की बाप हमखास सातपाटीला लागायचा, मग मुद्दामच आलो असं म्हणत मासळी तिथेच विकायचा आणि एसटीने घरी यायचा, हे मात्र सांगत नसे. तेव्हा जुनं ते सगळं चांगलं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मला फक्त नव्याच्या डोक्यावर जुनं कुठे आणि कसं बसवतात त्याची गंमत वाटते.

विमानाच्या बाबतीत ते दसऱ्याला बसवलं.

दसऱ्याला आपल्याकडे सायकलपासून रोड रोलरपर्यंत सगळ्याची पूजा होते, विमानाची का होऊ नये? धर्मेशने डहाणूहून गुरुजी आणले. पंख्याला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, शेपटीवर हळदकुंकू. इथवर ठीक. मग त्याने बोईसर स्टेशनबाहेरच्या गाळ्यातून आणलेला गणपती काढला. वीतभर उंचीचा, मागे रंगीत दिव्यांचं फिरणारं चक्र. लाल, हिरवं, निळं, पुन्हा लाल. तो विमानात समोरच्या काचेखाली चिकटवला आणि त्याची वायर एका स्वस्तातल्या चार्जरने खालच्या भोकात खुपसली. गुरुजींनी मंत्र म्हटले. चार्जरवर लाल कापड, कापडावर नाडाछडीच्या लाल धाग्याची गाठ. धर्मेशने जाहीर केलं, "विमानाची वीज चालू तोवर ज्योत चालू. हा दिवा कोणी बंद करायचा नाही."

त्या दिवसापासून विमानातल्या पडद्यावरचं सॅटेलाइट जायला लागलं. कधी उडतानाच, कधी उतरताना. परत कधी यायचं, कधी नाही.

कारणं सगळ्यांकडे होती. शिकवणारे कॅप्टन केदार म्हणाले, सूर्यावर वादळं उठली आहेत. धर्मेश म्हणाला, शेजारच्या देशाचं काम. ऑफिसातल्या मुलाने अणुशक्ती केंद्राकडे बोट दाखवलं. पहिल्या परीक्षेत दीपिका झापड लावून उतरत होती, तेव्हाच पडदा कोरा झाला. विमान पश्चिमेला सरकलं आणि परीक्षकाने तिच्या हातातून दांडा ओढून घेतला. नापास. दुसऱ्या वेळी पडदा जाताच तिने उतरणं सोडून दिलं आणि विमान वर नेलं. ते बरोबरच होतं, पण परीक्षा अपूर्ण राहिली, आणि धर्मेशच्या शाळेत अपूर्ण म्हणजे नापास.

खरं कारण दीपिकाला सापडलं ते वीज चालू ठेवून विमान आतून पुसताना. फडक्यात अडकून वायर निघाली, दिव्यांचं चक्र थांबलं आणि पडद्यावर सॅटेलाइट हजर. वायर लावली, गेलं. काढली, आलं. तो स्वस्तातला चार्जर नुसती वीज देत नव्हता, हवेत खरखर पसरवत होता, आणि एवढ्या उंचावरून येणारा सॅटेलाइटचा क्षीण आवाज त्या खरखरीत बुडत होता. माझ्या वयाच्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या घरी ट्यूबलाइट फडफडायला लागली की रेडिओवरच्या बातम्या अशाच बुडायच्या.

ती धावत धर्मेशकडे गेली. मी तिला डबा द्यायला गेले होते, म्हणून समोरच होते.

"शेठ, गणपतीचा चार्जर बदलू या. नाहीतर दिवा काढू या. त्यानेच सॅटेलाइट जातं."

धर्मेशने चहाचा कप खाली ठेवला. "गणपतीमुळे जातं?"

"गणपतीमुळे नाही. चार्जरमुळे."

"चार्जर कोणाचा आहे?"

"गणपतीचा."

"मग तेच ना!" तो माझ्याकडे वळला. "बाई, ऐका तुमची नात काय बोलते. ज्याने विघ्नं हरायची त्यालाच ही विघ्न म्हणते. अरे बेटा, ते सॅटेलाइट वर कोणी ठेवलंय?"

"रॉकेटने," दीपिका म्हणाली.

"आणि रॉकेट उडवण्याआधी नारळ कोणी फोडला?"

दीपिकाने मदतीसाठी बाजूला पाहिलं. कॅप्टन केदार खिडकीतून बाहेरचं गवत बघत होते. नंतर फाटकापर्यंत ते आमच्याबरोबर आले आणि हळूच म्हणाले, "मलाही ठाऊक आहे गं. पण मला इथे नोकरी करायची आहे. आणि शंका तरी कोणावर घ्यायची? देवावर?"

"चार्जरवर!" दीपिका ओरडली.

"ते तू म्हणतेस," ते म्हणाले आणि परत गेले.

त्याच आठवड्यात मी नवापूरला माहेरी गेले. भाऊ महादू वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टांगत होता. त्याच्या बोटीवरही आता जीपीएस आहे. माडांची जोडी कधीच तोडली गेली, तिथे रिसॉर्ट झालं.

"बाय, मना यंत्रच समजत नाय," तो म्हणाला. "नारली पुनवेला बोटीवर रंगीत लायटी लावल्या. तवापासून ता जीपीएस येडा झालाय. परवा घरी येताना मना डोंगरावर दाखवत व्हता. मी मंगला, बोट डोंगरावर कशी जाल?"

"लायटी काढ मग."

"देवाच्या नावानं लावल्यात. कशा काढू?"

बोंबलांच्या वासात उभी राहून मला एकदम पटलं की दीपिका भांडत बसली तर या जन्मात जिंकणार नाही. तिचं खरं होतं, पण खऱ्याला इथे कोणी पाट मांडत नव्हतं. म्हणून मी माझ्या पद्धतीने जायचं ठरवलं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी नैवेद्याची वाटी आणि एक भरतकाम केलेला रुमाल घेऊन शाळेत पोचले. विमानाच्या पायरीवर चढायला कॅप्टन केदारांनी हात दिला. तपासणीसाठी दीपिकाने वीज चालू केलेली होती, चक्र फिरत होतं; मी आत बसून गणपतीला गूळखोबरं दाखवलं, दोन ओळी आरती म्हटली आणि धर्मेशला हाक मारली.

"धर्मेश, दसऱ्यापासून या देवाला झोप नाही. तुझ्या लक्षात आलं का?"

"म्हणजे, बाई?"

"अरे, देवळात दुपारचा नैवेद्य झाला की पडदा ओढतात. देव विश्रांती घेतो. इथे सदानकदा डोळ्यांवर दिवे. तुझ्या डोळ्यांवर कोणी असे लावले तर?"

धर्मेशचा चेहरा पडला. तिसरीत पाटी पुसली की पडायचा तसाच. "गुरुजींनी हे सांगितलंच नाही."

"गुरुजी स्वतः दुपारी झोपतात. देवाचं त्यांना काय सुचणार?"

त्याने स्वतः हात जोडले. मी गाठ सैल केली, प्लग काढला आणि देवावर रुमालाचं पांघरूण घातलं. पडद्यावर सॅटेलाइट अगदी ठसठशीत उमटलं. धर्मेश कुजबुजत म्हणाला, "बघा, शांत झोपला." दीपिका माझ्याकडे बघत होती, पण कौतुकाने नाही. खाली उतरल्यावर म्हणाली, "आजी, तू मला वाचवलंस की शेठला?"

मी म्हटलं, "आधी पास हो, मग भांड."

मी स्वतःवर फार खूश होते. इतकी, की मला पुढचं सुचलंच नाही.

परीक्षकसाहेब मुंबईहून वेळेवर आले होते, पण धर्मेशने त्यांना जेवायला बसवलं. उंधियू झाला, सुरळीच्या वड्या झाल्या, मग बासुंदी, मग पान. साहेब मनाने सात्त्विक, दोन्ही हातांत मिळून अंगठ्या चार. जेवण चढलं, गप्पा रंगल्या, ऊन कललं आणि मग ते विमानात चढले. गणपतीवरचा रुमाल बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"देव झोपलाय, सर," दीपिका म्हणाली. हे वाक्य म्हणताना तिला काय वाटलं असेल ते मी जाणते.

"वा!" साहेब म्हणाले. "संस्कार आहेत."

विमान उडालं. हवेतलं मला नंतर दीपिकाने सांगितलं. ती चिडून बोलते, पण खोटं बोलत नाही.

तिने झापड लावलं. साहेबांनी तिला डोंगराला वळसा घालायला लावला, वर न्यायला लावलं, खाली आणायला लावलं. सगळं सुरळीत चाललं. मग धावपट्टीकडे उतरायला सुरुवात झाली, आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"अरे, उत्थापनाची वेळ टळून गेली की!" ते म्हणाले. "आमच्या हवेलीच्या देवळात या वेळेपर्यंत देव उठलेले असतात. तिन्हीसांजेपर्यंत झोपू द्यायचे नसतात."

आणि त्यांनी रुमाल काढला, नमस्कार केला आणि प्लग खुपसला. लाल, हिरवं, निळं. पडदा कोरा.

देवाला झोपवलं की कोणीतरी उठवणारच, हे मला, सत्तरी ओलांडलेल्या बाईला, कळायला हवं होतं. मी फक्त अर्धी रीत वापरली होती. उरलेली अर्धी साहेबांना पाठ होती.

"सॅटेलाइट गेलं," साहेब आता परीक्षकाच्या आवाजात म्हणाले. "काय करणार?"

खाली न दिसणारी धावपट्टी, पश्चिमेला केंद्र, आणि तिसरी खेप. वर नेलं आणि सोडून दिलं तर अपूर्ण. तसंच उतरत राहिलं तर त्याहून वाईट. दीपिकाने आधी उतरणं थांबवलं, नाक वर घेतलं आणि विमान पूर्वेला, डोंगरांपासून दूर राहील इतपत वळवलं. रेडिओवर कॅप्टन केदारांना सांगितलं. मग झापडाखालूनच हात पुढे नेला, लाल कापड चाचपलं आणि प्लग उपटला.

"अगं! देवाला हात लावतेस?"

"देवाला नाही सर. चार्जरला." पडदा परत आला होता. "विश्वास नसेल तर तुम्ही लावून बघा. विमान सरळ आहे, उंची भरपूर आहे."

साहेबांनी प्लग लावला. गेलं. काढला. आलं. पुन्हा लावला, पुन्हा गेलं.  मग त्यांनी प्लग काढून तिच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "उतर."

ती पुन्हा फिरून आली आणि पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवल्यासारखी उतरली. चाकं टेकेपर्यंत झापड काढलं नाही, साहेबांना "काढ" म्हणायचं सुचलं नाही म्हणून.

आम्ही सगळे खाली उभे होतो. साहेब उतरले ते थेट धर्मेशसमोर जाऊन थांबले. "मुलगी पास," ते म्हणाले. "निर्णय उत्तम, हात स्थिर." दीपिकाने डोळे मिटले. मी तिचा खांदा धरला. मग साहेबांनी आवाज खाली आणला. "पण शेठ, तुमचा हा देव! मी स्वतः तपासलं. एकदा नाही, दोनदा. हा जागा असला की आभाळातली सॅटेलाइटं थांबतात."

धर्मेशच्या अंगावर काटा आला. मला दिसला.

"सर, चार्जर खराब आहे," दीपिका म्हणाली.

"एवढी शक्ती," साहेब म्हणत होते, "छोट्या विमानात मावायची नाही. याला मोकळी जागा द्या."

"सर, तुम्हीच प्लग लावून पाहिलात ना? चार्जर—"

"नम्र आहे मुलगी," साहेब धर्मेशला म्हणाले. "श्रेय घेत नाही."

दीपिका आणि मी रिक्षाने घरी निघालो. चार्जर तिच्या मुठीत होता. पामच्या वळणावर म्हणाली, "पास झाले याचाही आनंद होऊ देत नाहीत गं ही माणसं."

पुढच्याच चतुर्थीला विमान ठेवायच्या हँगरच्या दाराशी संगमरवरी देवळी उभी राहिली. तीन दिव्यांची चक्रं, नवीन वायर, चार्जर त्याच गाळ्यातला. विमानातलं सॅटेलाइट आता बिनघोर चालतं, फक्त हँगरमधून देवळीच्या पलीकडे विमान ढकलत नेईपर्यंत पडदा कोरा राहतो. कॅप्टन केदार नव्या मुलांना सांगतात, "तिथवर देवाची हद्द." बोईसरहून लोक यायला लागले. ज्यांच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही ते नवस बोलतात.

उद्घाटनाला पहिला नारळ दीपिकाने फोडायचा असं धर्मेशने ठरवलं, कारण प्रचीती तिच्या हातून आली होती. तिने फोडला. मग तिला माइक दिला.

"तो चार्जर खराब होता," ती म्हणाली. "एवढंच."

केवढ्या टाळ्या पडल्या!

गर्दीत माझा महादू होता. नवापूरहून कारखान्याच्या शिफ्टच्या बसमध्ये उभा राहून आलेला, पिशवीत बोटीवरचा जीपीएस आणि एक नारळ. दीपिका सरळ त्याच्यापाशी गेली.

"आजोबा, बोटीवरच्या लायटी कसल्या चार्जरवर लावल्यात?"

"ता स्टेशनवरचा. लाल डब्याचा."

"तो बदला. किंवा लायटी काढा. जीपीएस लगेच येईल. देवाचा काही संबंध नाही."

महादूने तिच्याकडे पाहिलं, देवळीकडे पाहिलं, रांग किती आहे ते पाहिलं.

"बदलीन गो पोरी. तू मंगतंस तर बदलीनच," तो म्हणाला. "पन आता आलोच हाव तं नारल फोरून जातंव. तुजा बी खरा, त्याचा बी खरा. मना बोट घरी आनाची हाय."

तो रांगेत उभा राहिला. दीपिकाने आपल्या पिशवीतून प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा काढला, दाताखाली धरला आणि कितीतरी दिवसांनी हसली. मला बरं वाटलं, पण तेवढ्यात धर्मेश आला आणि म्हणाला, "बाई, दुपार झाली. देवाला झोपवायचं ना? तुमच्याशिवाय कोणाला येत नाही."

मी रुमाल घरी विसरले असं सांगितलं. त्याने खिशातून नवा काढला. जरीचा होता.